संमतीपत्रावर सही करण्याआधी

दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी बँकेच्या सेवानिवृत्त कर्मचारी संघटनेच्या सचिवांनी पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग असा आहे :

‘नव्वदच्या दशकात आमच्या बँकेने स्वतःची निवृत्तिवेतन योजना सुरू केली. भविष्य निर्वाह निधीत कायद्याने बंधनकारक असलेल्या रकमेहून जास्तीचा जो हिस्सा बँक भरत असे, तो सोडून त्याऐवजी निवृत्तिवेतन घेण्याचा विकल्प आम्ही सर्वांनी तेव्हा लिहून दिला. निधीसाठी स्वतंत्र न्यास आहे. संघटनेचे दोनशेहून अधिक सभासद असून त्यांपैकी सुमारे पन्नास जणी कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवा आहेत. गेल्या पंधरवड्यात प्रत्येकाला बँकेचे पत्र आले, की निधीत तूट असल्यामुळे येत्या एप्रिलपासून निवृत्तिवेतन ४० टक्क्यांनी कमी होईल. ते नको असेल त्याने एकरकमी रक्कम घेऊन योजनेतून बाहेर पडावे. सोबत संमतीपत्र जोडले आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास कपातीला संमती गृहीत धरली जाईल, असेही त्यात लिहिले आहे. काही सभासद एकरकमी घ्यायला निघाले आहेत, काहींना उद्याच उपोषणाला बसायचे आहे. कार्यकारिणीतील काही जणांचे म्हणणे असे, की न्यायालयात जायचेच आहे तर महागाई भत्ता आणि वैद्यकीय विमा याही मागण्या त्याच अर्जात घालाव्यात. अध्यक्ष व्यवस्थापनाला सामील आहेत अशी कुजबुज सुरू आहे. परवा आमच्या एका दिवंगत शिपायाच्या पत्नी, वय ७८, ते संमतीपत्र घेऊन माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, सही कुठं करायची तेवढं दाखवा.” त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही. मुदतीचे १८ दिवस उरले आहेत.’

सचिव महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, परंतु उत्तर देण्याचा क्रम त्या १८ दिवसांनी ठरवून दिला आहे. न्यायालय, उपोषण, अध्यक्षांविषयीचा संशय या गोष्टी महिनाभराने सोडवल्या तरी चालतील. हरकत नोंदवण्याचे काम मात्र या मुदतीतच झाले पाहिजे आणि ते प्रत्येक सभासदाच्या नावाने, स्वतंत्रपणे झाले पाहिजे.

‘उत्तर आले नाही तर संमती गृहीत धरू’ असे एका पक्षाने परस्पर लिहून टाकले म्हणून दुसऱ्या पक्षाची संमती झाली असे होत नाही. करारासाठी मान्यता द्यावी लागते आणि नुसत्या मौनाला मान्यता म्हणत नाहीत, हे आपल्याकडील करार कायद्याचे जुने तत्त्व आहे. तरीही त्या तत्त्वावर विसंबून गप्प बसणे मला धोक्याचे वाटते, कारण उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर ‘दोनशेपैकी दीडशे जणांनी हरकतही घेतली नाही’ हे वाक्य बँकेचा वकील पहिल्याच तारखेला उच्चारेल. म्हणून एक छोटे पत्र तयार करा. आपल्या अमुक तारखेच्या पत्रातील कपात मला मान्य नाही. एकरकमी पर्यायही मी स्वीकारलेला नाही. माझे मौन ही संमती समजू नये. यापुढे कमी केलेली रक्कम माझ्या खात्यात जमा झाली तर ती मी माझे सर्व हक्क राखून स्वीकारत आहे असे समजावे. एवढी चार वाक्ये पुरेत, त्यात आरोप नकोत आणि भावनांचे प्रदर्शनही नको. पत्र बँकेच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. न्यासाच्या विश्वस्तांनाही एक प्रत द्या. संघटनेने सर्वांच्या वतीने एकच पत्र देऊन हे काम उरकू नये. संघटनेचे पत्र अवश्य जावे, पण ते या दोनशे पत्रांच्या जोडीने जावे. सभासदाच्या पत्रातले ‘माझे सर्व हक्क राखून’ हे शब्द गाळू नयेत, कारण औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून सभासद कमी केलेली रक्कमही काढणारच आणि ती काढल्याचा अर्थ पुढे मान्यता असा लावला जाऊ नये.

आता एकरकमी घ्यायला निघालेल्या सभासदांविषयी. आपण एका सभासदाचे उदाहरण कळवले आहे. त्यांचे वय ६८, सध्याचे निवृत्तिवेतन दरमहा ९००० रुपये आणि बँकेने देऊ केलेली रक्कम ६ लाख रुपये. त्यांच्याबरोबर एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. ६ लाख रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले आणि त्यातून दरमहा ९००० रुपये काढत गेले, तर मुद्दल आणि व्याज मिळून ते साधारण सात वर्षे पुरतात, म्हणजे पंचाहत्तरीला खाते रिकामे होते. त्यानंतर त्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतन नाही आणि त्यांच्या मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. मग हा प्रस्ताव इतका आकर्षक का वाटतो? कारण बँकेने तो कपातीच्या शेजारी ठेवला आहे. ४० टक्के कपात झाली तर त्यांना ५४०० रुपये मिळतील आणि दरमहा ५४०० रुपये काढायचे म्हटले तर तेच ६ लाख रुपये जवळजवळ पंधरा वर्षे पुरतात. माणूस नकळत कपात झाल्याचे मनात धरून तुलना करतो आणि त्याला एकरकमीत फायदा दिसू लागतो. तुलना आज हातात असलेल्या ९००० रुपयांशीच झाली पाहिजे, कारण कपात अजून झालेली नाही आणि ती कायदेशीर आहे की नाही हाच तर वाद आहे. प्रत्येक सभासदासाठी वय, सध्याचे निवृत्तिवेतन, देऊ केलेली रक्कम आणि जोडीदाराचे वय अशा चार रकान्यांचा तक्ता बनवून हाच हिशेब मांडावा. आपले बहुतेक सभासद आयुष्यभर खतावण्या जुळवत आलेले आहेत. आकडे समोर आले की त्यांना भाषणाची गरज पडणार नाही.

एवढे होऊनही कोणाला पैशांची तातडीची नड असेल, घरात मोठे आजारपण असेल, तर त्याला गद्दार म्हणू नका आणि कोणाला म्हणूही देऊ नका. त्याने रकमेचा हिशेब बँकेकडून लेखी मागावा, पत्नीशी बोलूनच निर्णय घ्यावा आणि संमतीपत्रात ‘पूर्ण व अंतिम समझोता’ किंवा ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य आहे का ते वकिलाला दाखवून मगच काय ते करावे. त्याने संघटनेत राहावे, हेही त्याला आवर्जून सांगा.

यापुढे हक्काचा प्रश्न येतो. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट शब्दांत सांगितले. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. मात्र आपल्या प्रकरणाला त्याहून जवळचे असे दोन निकाल आहेत आणि आपल्या वकिलांनी ते प्रथम वाचावेत असे मला वाटते.

पहिला १९९७ मधील, रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष विरुद्ध सी. आर. रंगधामय्या. निवृत्तिवेतन काढताना गाडीवरील कर्मचाऱ्यांचा रनिंग भत्ता किती टक्के धरायचा, याचा नियम रेल्वेने डिसेंबर १९८८ मध्ये बदलला आणि तो मागील तारखेपासून लागू केला, त्यामुळे आधीच निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन कमी होणार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा पूर्वलक्षी परिणाम अवैध ठरवला, कारण निवृत्तीच्या दिवशी लागू असलेल्या नियमांनुसार मिळालेला हक्क नंतरच्या दुरुस्तीने काढून घेता येत नाही.

दुसरा निकाल तर एका सहकारी बँकेचाच आहे. पंजाब राज्य सहकारी कृषी विकास बँकेने १ एप्रिल १९८९ पासून निवृत्तिवेतन योजना लागू केली आणि कर्मचाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्याऐवजी ती स्वीकारली. पुढे पैसा नाही म्हणून बँकेने निवृत्तिवेतन देणे थांबवले आणि २०१४ मध्ये नियम बदलून ती तरतूदच वगळली. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की योजनेचा लाभ ज्यांना मिळू लागला आहे त्यांचा प्रस्थापित हक्क पूर्वलक्षी दुरुस्तीने हिरावून घेता येणार नाही आणि आर्थिक साधनांची चणचण हा त्यावरचा बचाव होऊ शकत नाही. आपल्या सभासदांनीही जास्तीचा हिस्सा सोडून निवृत्तिवेतन घेतले आहे, म्हणजे त्यांनी त्याची किंमत त्याच वेळी मोजली आहे, म्हणून हा निकाल मला आपल्यासाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

परंतु या निकालाची प्रत घेऊन लगेच बँकेत जाऊ नका. पंजाबमधील त्या बँकेचे सेवानियम तेथील सहकार कायद्याखाली तयार झालेले होते. आपली योजना कशी जन्माला आली? संचालक मंडळाच्या ठरावाने, संघटनेशी झालेल्या करारातून की निबंधकांनी मंजूर केलेल्या सेवानियमांतून? पुढचे पुष्कळसे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. मूळ ठराव, योजनेचे नियम, त्यांत वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या, आपण लिहून दिलेले विकल्पाचे नमुने, न्यासपत्र आणि निवृत्तीच्या वेळी प्रत्येकाला मिळालेले निवृत्तिवेतन मंजुरीचे पत्र गोळा करायला आजच सुरुवात करा. विशेषतः नियमांत ‘बँकेला ही योजना केव्हाही बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार राहील’ असे कलम आहे का, आणि असल्यास ते पहिल्या दिवसापासून आहे की मागाहून घातले, हे शोधा. असे कलम सापडले म्हणून हात-पाय गाळू नयेत. पुढची योजना बदलण्याचा अधिकार वेगळा आणि निवृत्त झालेल्याचे ठरलेले निवृत्तिवेतन कापण्याचा अधिकार वेगळा, असा युक्तिवाद करता येतो. पण असे कलम आपल्याला बँकेच्या वकिलाच्या तोंडून प्रथम ऐकावे लागू नये. जुने लेखनिक आणि आस्थापना विभागातून निवृत्त झालेले सहकारी यांच्या ट्रंकांमध्ये असे कागद हमखास निघतात. त्यांच्या घरी माणूस पाठवा, फोनवर काम भागवू नका.

कागद बँकेकडून मागण्याचाही मार्ग आहे आणि बहुतेक संघटना तो वापरत नाहीत याचे मला फार वाईट वाटते. निधी न्यासाकडे असल्यामुळे आपले सभासद त्या न्यासाचे लाभार्थी आहेत. अशा खासगी न्यासाला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे विश्वस्ताने स्पष्ट आणि अचूक हिशेब ठेवले पाहिजेत आणि लाभार्थ्याने मागितल्यास न्यासाच्या मालमत्तेची रक्कम व स्थिती याची पूर्ण माहिती दिली पाहिजे. कलम ५७ याहून पुढे जाते. न्यासपत्र, हिशेब आणि त्यांची प्रमाणके पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा अधिकार ते लाभार्थ्याला देते, आणि विश्वस्तांनी स्वतःच्या मार्गदर्शनासाठी घेतलेली मते पाहण्याचाही अधिकार देते. निधीत तूट आहे असे ज्या विमागणितज्ञाने (निधीच्या पुढील देण्यांचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाने) सांगितले, त्याचा अहवाल आपल्याला मागता येतो तो याच आधारावर. दोन-तीन सभासदांच्या नावाने विश्वस्तांना असा अर्ज लगेच द्या.

माहिती अधिकाराबाबत एक खुलासा करायला हवा. सहकारी संस्था सरसकट ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले, म्हणून थेट बँकेकडे केलेला अर्ज बहुधा परत येईल. पण त्याच निकालात असेही सांगितले आहे की सहकार निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने त्यांना संस्थेकडून जी माहिती मिळवता येते ती त्यांनी नागरिकाला पुरवली पाहिजे. तेव्हा अर्ज जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात करा आणि त्यात सेवानियमांना व योजनेला दिलेल्या मंजुरीची कागदपत्रे मागा. सभासदांपैकी कोणी बँकेचे भागधारक असतील, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली दप्तर पाहण्याचा मार्ग त्यांना आणखी मोकळा आहे.

तूट हा शब्द ऐकून संतापू नका आणि घाबरूनही जाऊ नका, ती तपासा. निवृत्तिवेतन निधीतील तूट ही तिजोरीत मोजलेली कमी रक्कम नसते. पुढील तीस-चाळीस वर्षांत द्यायच्या रकमांची आजची किंमत काढून ती निधीतील मालमत्तेशी ताडून पाहिली जाते. ती किंमत काढताना सवलतीचा दर, म्हणजे पुढे द्यायची रक्कम आजच्या किमतीत आणण्यासाठी धरलेला व्याजाचा दर, किती धरला यावर सगळे फिरते. हा दर थोडा जरी कमी धरला तरी देणे फुगते आणि कालपर्यंत नसलेली तूट आज कागदावर उभी राहते. आयुर्मानाचा कोणता तक्ता वापरला, यानेही फरक पडतो. सुदैवाने यासाठी हेरगिरी करावी लागत नाही. लेखा मानक १५ प्रमाणे कर्मचारी लाभांचा खुलासा ताळेबंदाच्या टिपांमध्ये करायचा असतो आणि वार्षिक अहवाल तर आपल्या अनेक सभासदांच्या घरी असतील. गेल्या आठ-दहा वर्षांचे अहवाल घेऊन प्रत्येक वर्षीचा सवलतीचा दर, एकूण देणे आणि निधीची मालमत्ता यांचे आकडे एका कागदावर उतरवा. तूट हळूहळू वाढत आली आहे की एकाच वर्षी उसळली आहे, हे त्यातून चटकन दिसेल. एकाच वर्षी उसळली असेल, तर त्या वर्षी नेमके काय बदलले हा बँकेला विचारायचा पहिला प्रश्न.

तूट खरी निघाली तरी ती कोणामुळे आली हे पाहावे लागते. बँकेने ठरलेले वार्षिक अंशदान दरवर्षी पूर्ण भरले का? निधी कोठे गुंतवला आहे? या दुसऱ्या प्रश्नाची मला विशेष काळजी वाटते. निधीची बरीचशी रक्कम त्याच बँकेच्या मुदत ठेवींत ठेवलेली असेल, तर बँक अडचणीत येईल त्या दिवशी निवृत्तिवेतनही अडचणीत येईल, कारण ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि न्यास हा त्या हिशेबात एकच ठेवीदार ठरतो. दोनशे कुटुंबांच्या उदरनिर्वाहामागे ५ लाखांचे संरक्षण! तसे असल्याचे आढळले तर कपातीचा वाद चालू असतानाच निधी सुरक्षित रोख्यांत हलवण्याची मागणी लावून धरा. विश्वस्त मंडळात निवृत्तांचा प्रतिनिधी आहे का, असल्यास गेल्या काही वर्षांत त्याला सभेची सूचना मिळत होती का, आणि ती जागा रिकामी असेल तर किती काळ रिकामी आहे, हेही पाहा. आयुर्विमा महामंडळाकडून काही सभासदांसाठी वर्षासन (एकदा रक्कम भरून पुढे नियमित रक्कम देणारी योजना) खरेदी केलेले असेल, तर त्यांची गोष्ट वेगळी होते; त्यांचे पैसे महामंडळाकडून येतात आणि बँकेच्या कपातीचा त्यांच्याशी संबंध काय, हे बँकेला सांगावे लागेल.

महागाई भत्ता आणि वैद्यकीय विमा यांच्या मागण्या याच अर्जात घालू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्या मागण्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. वीस वर्षांपूर्वी ठरलेल्या स्थिर रकमेत म्हातारपण काढणे किती कठीण आहे, हे या सदराकडे येणारी पत्रे मला दर आठवड्याला सांगतात. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १००० रुपये आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बँकेच्या योजनेचा आधार किती मोठा आहे ते कळते. पण मिळत असलेले टिकवणे आणि नवे मिळवणे या दोन लढायांत कायदा सारख्याच बाजूने उभा राहत नाही. नकारा निकालावर विसंबून भविष्य निर्वाह निधी घेतलेल्या रेल्वे निवृत्तांनी निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश मागितला, तेव्हा कृष्णकुमार प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण ते दोन वर्ग निराळे मानले गेले. मराठवाडा ग्रामीण बँकेच्या कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात २०११ मध्ये, कायद्याच्या मर्यादेहून जास्तीचे भविष्य निर्वाह निधी अंशदान पुढेही देत राहण्याची सक्ती बँकेवर करण्यास न्यायालयाने नकार दिला. हा निकाल आपल्या विरुद्ध हमखास दाखवला जाईल. त्याला आपले उत्तर असे, की तेथे प्रश्न सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुढे भरायच्या अंशदानाचा होता आणि येथे सेवा पूर्ण करून ठरलेले निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा आहे. हे उत्तर दमदार आहे. पण त्याच अर्जात आपण महागाई भत्ता मागितला, तर ‘हे लोक नियमांत नसलेले लाभ मागत आहेत’ असे म्हणण्याची संधी आपणच समोरच्याला देतो आणि आपली भक्कम बाजू दुबळ्या मागणीला बांधली जाते. भत्त्याची मागणी स्वतंत्र निवेदनाने करा, तिचा पाठपुरावा वेगळा चालू द्या.

उपोषणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसांना मांडवात उपाशी बसवू नका. बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकांसमोर तुटीचे प्रश्न लेखी विचारणे, संचालकांना शिष्टमंडळाने भेटणे, जिल्हा उपनिबंधकांकडे निवेदन देणे यांनी दबावही येतो आणि कोणाच्या जिवाला धोकाही होत नाही. वाटाघाटीत कशावर मागे हटावे, हेही आधी ठरवून ठेवा. बँकेची अडचण खरी निघाली, तर थकबाकी हप्त्यांनी घेण्यास किंवा निधीतील तूट बँकेने चार-पाच वर्षांत भरून काढण्यास संघटनेने मान्यता द्यायला हरकत नाही. निवृत्त सभासदाच्या मासिक रकमेत कायमची कपात मात्र कोणत्याही टक्क्याने मान्य करू नका. ४० वरून तडजोडीने २० वर आणणे हा विजय वाटेल, पण त्या दिवशी कपात करण्याचा बँकेचा अधिकार आपणच लिहून दिलेला असेल.

एप्रिलआधी बँकेने पत्र मागे घेतले नाही तर न्यायालयात जावेच लागेल, म्हणून वकिलांची गाठ आताच घ्या. रिट अर्ज, म्हणजे थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज, केल्यास पहिला आक्षेप येईल तो सहकारी बँक ही राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट चालत नाही असा. त्यामुळे योजनेमागे वैधानिक नियम आहेत की नाहीत हा वर सांगितलेला शोध येथे कामी येतो आणि त्यावरूनच रिट की दिवाणी दावा हे ठरवावे. दिवाणी दाव्यात सर्वांच्या वतीने काही जणांनी उभे राहण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ मध्ये आहे. संघटनेबरोबर दोन-तीन सभासदांनी स्वतःच्या नावानेही अर्जदार व्हावे. नकारा खटल्यातही दोन निवृत्त अधिकाऱ्यांच्या जोडीने ‘कॉमन कॉज’ ही संस्था अर्जदार होती आणि तिचा तो अधिकार न्यायालयाने मान्य केला. उच्च न्यायालयात जायचे ठरले तर प्रत्येक तारखेला मुंबई गाठण्याचा त्रास आता राहिलेला नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. विलंब मात्र करू नका. दरमहा कमी रक्कम मिळणे ही चालू राहणारी चूक मानली गेली तरी, तरसेमसिंग प्रकरणातील २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी सामान्यतः अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

अध्यक्षांविषयीच्या संशयाचे काय करावे, हे आपण विचारले आहे. पुरावा नसताना त्यांना हटवण्याच्या मागे लागलात, तर हे १८ दिवस त्यातच जातील. विशेष सर्वसाधारण सभा बोलावून एक ठराव करा, की बँकेशी होणाऱ्या प्रत्येक भेटीला किमान तिघे जातील, भेटीचे टिपण त्याच दिवशी लिहून तिघांच्या सहीने सभासदांना कळवले जाईल आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून कोणीही कोणताही मजकूर मान्य करणार नाही. अध्यक्ष प्रामाणिक असतील तर त्यांचे या ठरावाने संरक्षणच होईल, नसतील तर त्यांचे हात बांधले जातील. खटल्यासाठीची वर्गणी वेगळ्या खात्यात घ्या आणि तिचा हिशेब दर महिन्याला द्या.

आता त्या बाईंविषयी. त्यांच्यासारख्या पन्नास जणी आहेत आणि त्यांच्यापैकी फार थोड्या आपल्या सभांना येत असतील. बँकेचे कागद पतीच सांभाळत असे, म्हणून पाकीट आले की सही करून मोकळे व्हायचे एवढेच त्यांना ठाऊक असते. सभेची वाट न पाहता कार्यकारिणीतील माणसांनी या आठवड्यात त्या प्रत्येकीच्या घरी जावे; सोबत हरकतीचे पत्र घेऊन जावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घ्यावा, म्हणजे त्यांनी कशावर सही केली हे त्यांनाही सांगता येईल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांचा अर्जही भरून द्यावा. त्यांची तयारी असेल तर न्यायालयातील वैयक्तिक अर्जदारांमध्ये त्यांचे नाव असावे, कारण ४० टक्के म्हणजे काय हे त्यांच्या पासबुकाइतके स्पष्ट दुसरा कोणताही कागद दाखवणार नाही.

त्यांना आज एवढेच सांगा, की वहिनी, यावर सही करायची नाही आणि हा कागद फाडायचाही नाही. ज्या पाकिटातून तो आला त्या पाकिटासकट, तारखेचा शिक्का दिसेल असा, तो कोराच आपल्याकडे ठेवून घ्या, त्याची एक छायाप्रत त्यांना द्या आणि मूळ कागद वकिलांच्या फाइलला लावा.